गालाकडे टोक

मी एक जुनी पक्कड आहे. दाढ उपटायची.

बघा, मिटलंत ना तोंड? नेहमीचंच आहे. मी ताटलीत खणकन वाजले की भलीभली माणसं खुर्चीचे हात आवळून धरतात. मित्रांनो, त्याचा मला राग नाही. तुमची भीती मी तीस वर्षं बघतेय. माझा राग वेगळाच आहे. मागच्या महिन्यात पेशंटसमोर माझ्यावर खोटा आळ आला. मला दोन चोची असून एक शब्द बोलता आला नाही. म्हणून आज सगळं सांगून टाकते. गोड लागणार नाही, पण ऐका.

आधी तो 'उपटायची' शब्दच डोक्यातून काढा. दाढ म्हणजे काय गवत आहे? वरच्या दाढेला तीन मुळं असतात. दोन गालाच्या बाजूला, एक टाळूच्या बाजूला. म्हणून माझ्या दोन चोची सारख्या नाहीत. एक चोच गोल आहे, ती टाळूकडच्या एकट्या मुळाला कवेत घेते. दुसरीला मधोमध टोक आहे. ते टोक गालाकडच्या दोन मुळांच्या मधल्या खाचेत बरोबर जाऊन बसतं. कुलपात किल्ली बसावी तसं.

आता डोकं चालवा. टोक गालाकडेच यायला हवं, मग उजव्या दाढेची पक्कड डाव्या दाढेला चालेल का? नाही चालणार. उजव्या पायाचा बूट डाव्या पायात घालून बघा, म्हणजे कळेल. त्यामुळे आमचा जन्म जोडीनेच होतो. मी वरच्या उजव्या दाढांची. माझी जुळी बहीण वरच्या डाव्या दाढांची. आम्हाला घडवणारा कानशीवाला म्हातारा होता. त्याला स्वतःला समोरचे चारच दात होते. पोलादाचे लालबुंद तुकडे ठोकून आकाराला आले की शेवटची कानस तोच मारायचा. चष्मा कपाळावर, चोच डोळ्याला चिकटवलेली आणि तोंडाने सारखं एकच, "गालाकडे टोक, गालाकडे टोक." शेजारच्या बाकड्यावरचे लोक त्याची टर उडवायचे. "अहो आजोबा, स्वतःचे दात गेले, आता कुणाचे राखताय?" तो मान वर न करता म्हणायचा, "माझे ज्याने काढले ना, त्याची पक्कड आंधळ्याने घासली होती."

आम्हा दोघींना एका डॉक्टरबाईंनी घेतलं. बाई नुकत्याच शिकून आल्या होत्या. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकडी, आत खुर्ची. मधे कमरेएवढं झुलतं दार. त्या दारावरून मला ताटलीतून बाहेरचं अर्धं जग दिसतं. आणि आमची देखभाल करायला होत्या मावशी. दवाखाना उघडला त्या दिवसापासून आजपर्यंत त्याच. बाई माणसांना सांभाळायच्या, मावशी आम्हाला. ब्रशने घासायच्या, पुसून कोरडं करायच्या, सांध्यात थेंबभर तेल सोडून चार वेळा उघडझाप करायच्या, मग वाफेच्या यंत्रात. एखाद्या दिवशी घाईत सांधा ओला राहिला तर मावशी घरून परत आल्या आहेत. खोटं नाही सांगत.

बाई काम कसं करायच्या ते नीट ऐका, कारण सगळं भांडण त्यावरूनच आहे.

बाई कधी खोटं बोलल्या नाहीत. "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं" असली भाषा त्यांना चालायची नाही. टाळूतलं इंजेक्शन भयंकर झोंबतं. बाई सरळ सांगायच्या, "हे झोंबणार. मी दहा आकडे मोजते, तेवढंच." आधी आरशाच्या दांडीने टाळू घट्ट दाबून ठेवायच्या, म्हणजे ती जागा बोथट होते, आणि तिथेच हळूहळू औषध सोडायच्या. मग थांबायच्या. खुर्चीशेजारी स्टुलावर बसून चक्क गप्पा मारायच्या. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. त्यानंतर टोकदार सळईने गालाकडून आणि टाळूकडून हिरडी टोचून विचारायच्या. दोन्हीकडून 'नाही' आलं तरच पुढे.

पुढे म्हणजे काय? मग ओढायचं? छे! आधी एलिव्हेटर. म्हणजे पोलादाचा एक चपटा दांडा. तो दाढ आणि हाड यांच्या फटीत सरकवून दाढ सैल करायची. मग मी. मला हिरडीखाली आत ढकलायचं, ओढायचं नाही. टोक खाचेत बसल्याची खात्री करायची. डाव्या हाताची बोटं हाडाला धरून ठेवायची. आणि मग गालाकडे सावकाश झुकवायचं, थांबायचं, परत आणायचं, पुन्हा झुकवायचं. हाडाला वेळ द्यावा लागतो, ते हळूहळू वाट देतं. दाढेची समजूत काढावी लागते. शेवटी ती अशी सुटते की खुर्चीतला माणूस विचारतो, "कधी काढताय?" आणि ती माझ्या चोचीत असते.

हे ऐकलं की माझ्या सांध्यातून कसं थंडगार वाटायचं, काय सांगू!

पण बाईंची खरी गोष्ट पुढेच आहे. इंजेक्शनच्या आधी त्या पेशंटला सांगायच्या, "दाबल्यासारखं वाटेल, ते मला बंद करता येत नाही. पण दुखलं तर डावा हात वर. मी थांबणार. आता उगाचच करून बघा." माणूस ओशाळत हात वर करायचा. बाई लगेच दोन्ही हात तोंडापासून बाजूला घेऊन मागे सरकायच्या. "पुन्हा करा." पुन्हा मागे. दोन वेळा केलं की माणसाचे खांदे खाली यायचे. अर्धी भूल तिथेच चढायची. आणि खरोखर हात वर झाला तर बाईंनी कधी "का?" म्हणून विचारलं नाही. आधी थांबायच्या, मग विचारायच्या.

सत्तावीस वर्षं असं चाललं. मग बाईंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग ताटली वाजायला लागली. ज्या दिवशी मी त्यांच्या हातात थरथरले, त्या दिवशी बाईंनी मला खाली ठेवलं आणि मावशींना म्हणाल्या, "बास. आता नाही." रडल्या बिडल्या नाहीत. हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. तेव्हापासून सकाळी येतात आणि बाकड्यावरच्या पेशंटशी बोलतात, एवढंच.

त्यांच्या जागी आला त्यांचा पुतण्या. सगळे त्याला छोटे डॉक्टर म्हणतात. हात चांगला आहे, मी मान्य करते. पण घाई! त्याच्या अंगात काय शिरलंय कुणास ठाऊक. बाकड्यावर आठ माणसं दिसली की आतल्या माणसाचं तोंड त्याला अडथळा वाटतं. स्टूल त्याने पहिल्याच आठवड्यात उचलून बाहेर ठेवलं. म्हणे पायात येतं! पाच मिनिटांची दोन झाली. हात वर करायचं तो सांगतो, पण कसं? हातमोजे चढवता चढवता, भिंतीकडे बघून. करून बघायला कुणाला सांगत नाही.

आणि माझी बहीण. मित्रांनो, इथे माझा आवाज चढला तर चढू दे.

मावशींच्या लेकीचं बाळंतपण होतं, त्या दहा दिवस नव्हत्या. शनिवारी शेवटच्या पेशंटनंतर छोट्या डॉक्टरांनी बहिणीला पाण्याच्या ट्रेमध्ये टाकलं आणि दिवा बंद करून निघून गेले. रविवार गेला. सोमवारी ते आलेच नाहीत. मंगळवारी तिचा सांधा गंजून धरला होता. तेल नाही, काही नाही, डॉक्टर जोर लावून उघडायला गेले आणि खिळीपाशी तिला चीर गेली. केराच्या डब्यात पडल्याचा आवाज मी ऐकला. तीस वर्षं ताटलीत शेजारी पडून होतो आम्ही. एका आवाजात संपलं.

मावशी आल्या, ताटलीतली रिकामी जागा बघितली. काय झालं ते न विचारताच त्यांना कळलं. एवढंच म्हणाल्या, "डावीची मागवा, डॉक्टर."

"मागवतो."

पुढच्या आठवड्यात पुन्हा, "डावीची आली नाही अजून."

"मागवतो म्हटलं ना, मावशी. तोवर चालतंय की हिच्यावर."

चालतंय की! या दोन शब्दांनी जगात जेवढी मोडतोड केलीय, तेवढी हातोड्यांनी केली नसेल. चार महिने डावीकडच्या दाढांना मला उलटं लावलं गेलं. माझं टोक टाळूकडे, जिथे खाच नाहीच. गोल चोच गालाकडे, जिथे टोक हवं. दाढा सैल होत्या म्हणून निभावलं, आणि निभावलं म्हणून त्याला ते बरोबर वाटायला लागलं.

मग तो लिफ्टवाला आला.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दारातून आत येताना जरा वाकावं लागेल एवढा. आठ वर्षांपूर्वी त्याची उजवी दाढ बाईंनी माझ्याकडूनच काढली होती. आता वरची डावी किडली होती. गाल सुजून वर आलेला. तीन महिने त्याने एका बाजूने चावून काढले होते. बरोबर बायको होती, आणि बाहेरच्या खोलीत तिचा तोंडाचा पट्टा सुरू होता.

"बाई, आज ओढून आणलंय यांना. दहा मजल्यांच्या खड्ड्यात दोरीला लोंबकळतात, आणि खुर्चीत बसायचं म्हटलं की पळ काढतात!"

"खड्ड्यात भीती नाही वाटत," लिफ्टवाला सुजलेल्या गालातून म्हणाला. "तिथे आपला माणूस बटणापाशी असतो. मी 'थांब' म्हटलं की तो थांबतो. का म्हणून विचारत नाही. विचारत बसला तर मी चेंगरेन."

बाई हसल्या. "इथेही तसंच आहे. आठवतंय ना? डावा हात."

"त्यावरच तर आलोय, बाई. नाहीतर ही दाढ घेऊनच मेलो असतो."

ऐकलंत? तो माणूस भुलीवर विसंबून आला नव्हता, माझ्यावर तर नाहीच. तो त्या वर होणाऱ्या हातावर विसंबून आला होता.

आत काय झालं ते सांगते. गालाकडून इंजेक्शन. टाळूला न दाबता इंजेक्शन, भरकन. तो खुर्चीतून वीतभर उडाला. "झालं, झालं." दोन मिनिटं, तीही फोनवर बोलण्यात. टोचून बघितलं ते फक्त गालाकडून. मावशींनी मला पुढे केलं आणि म्हणाल्या, "ही उजवीची आहे, डॉक्टर."

"माहितेय मला. द्या."

एलिव्हेटर दोनदा फिरवला न फिरवला, की मी आत. टोक टाळूकडच्या मुळावर आपटलं आणि घसरलं. दाढ घट्ट होती, किडीने पोखरलेली, तिला माझ्या बहिणीसारखी योग्य बाजूची पक्कड आणि भरपूर वेळ हवा होता. तिला दोन्ही मिळालं नाही. डॉक्टरांनी मूठ आवळली. मी पुन्हा घसरले.

डावा हात वर झाला.

"झालंच आता, झालंच."

हात आणखी वर. पूर्ण ताठ. मला दिसत होता, मावशींना दिसत होता.

"दुखत नाहीये तुम्हाला. दाबल्यासारखं वाटतंय, बस."

बघा! बाईंचंच वाक्य, पण उलटं करून वापरलेलं, अगदी मला वापरलं तसंच. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, हात," आणि त्याच क्षणी कट्कन आवाज झाला. दाढेचा वरचा भाग माझ्या चोचीत आला. तिन्ही मुळं आतच राहिली.

छोट्या डॉक्टरांनी मला ताटलीत आदळलं. "जुनी झालीय ही पक्कड. पकडच घेत नाही. मावशी, भंगारात टाका हिला."

मित्रांनो, तो हा आळ. चार महिने मला वाकडं लावणारा माणूस मला वाकडी म्हणाला! आणि मी गप्प.

लिफ्टवाला उठून बसला. तोंडातलं रक्त त्याने कापसात धरलं आणि खुर्चीवरून खाली उतरला. ओरडला नाही. त्याने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "मी हात वर केला होता."

झुलत्या दारावरून बायकोने बघितलं. तिची थट्टा गळून पडली. "अहो, काय झालं? अहो!"

"मी हात वर केला होता," तो तिला म्हणाला. मग दाराशी आलेल्या बाईंना पुन्हा तेच. "बाई, मी हात केला होता."

"मी निघतो" म्हणून तो चपला शोधायला लागला. तीन मुळं तशीच आत, सूज, पू, आणि हा माणूस पुन्हा आयुष्यात कुठल्या दवाखान्याची पायरी चढणार नव्हता. बाईंना ते कळलं होतं. बाहेर गेल्या आणि ते स्टूल स्वतः उचलून आत आणलं. खुर्चीशेजारी ठेवलं.

"बसा," त्या लिफ्टवाल्याला म्हणाल्या. "कुणी काही करणार नाही. नुसते बसा."

मग पुतण्याकडे वळल्या. "तू यांना सांग काय झालं ते."

"काकू, ती पक्कड..."

"यांना सांग. मला नको."

छोटे डॉक्टर हातमोज्यांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता पुन्हा माझंच नाव घेणार. घेतलंही. "पक्कड उजवीची होती," ते म्हणाले. "डावीची माझ्या हातून खराब झाली, मी नवी मागवली नाही." थांबले. मग बऱ्याच हळू आवाजात, "आणि तुमचा हात मला दिसला होता."

"दिसला होता?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"हो."

लिफ्टवाल्याने कापूस बदलला. मग बाईंना म्हणाला, "तुम्ही काढा."

बाईंनी उजवा हात पुढे धरून दाखवला. तो थरथरत होता. "माझ्याच्याने होणार नाही. करायचं तर यालाच करावं लागेल. नाही म्हणालात तर दुसरीकडे चिठ्ठी देते, सोबत मी येते."

त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "तुमचं तोंड आहे. तुम्ही सांगा."

"करू दे," तो म्हणाला. "पण हात माझ्या ताब्यात."

आणि मग त्याने काय केलं माहितेय? आडवा झाला आणि उगाच हात वर केला. छोटे डॉक्टर मागे सरकले. खाली केला, पुन्हा वर. पुन्हा मागे. मी मोजलं, अकरा वेळा. बाहेरचा एकजण हसला, तर मावशींनी असं बघितलं की त्याने हसू गिळलं. अकराव्या वेळी डॉक्टर हात वर यायच्या आधी, खांदा हलतानाच मागे सरकले. तेव्हा लिफ्टवाल्याने तोंड उघडलं.

पुढचं काम माझं नव्हतंच. एक्स-रे काढून मुळं बघितली. टाळू दाबून, दहा आकडे मोजून पुन्हा भूल दिली. पाच मिनिटं स्टुलावर बसून काढली. दोन्ही बाजूंनी टोचून विचारलं. मग यंत्राने तिन्ही मुळं एकमेकांपासून सोडवली आणि एलिव्हेटरने एकेक, सावकाश बाहेर घेतली. मधे तीनदा हात वर झाला. तीनदा सगळं थांबलं. पाऊण तास लागला. शेवटी कापसाची घडी दाबून धरायला दिली आणि बाईंनी बजावलं, "अर्धा तास सोडायची नाही. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. आठवडाभर नाक शिंकरायचं नाही, वरच्या दाढेच्या डोक्यावरच नाकाला जोडलेली पोकळी असते." बायको म्हणाली, "आणि बोलायचं पण नाही ना? तेवढं लिहून द्या, बाई."

मला मावशींनी भंगारात टाकलं नाही. धुतलं, पुसलं, तेल सोडलं.

आठवड्याने लिफ्टवाला दाखवायला आला. जखम भरत होती. उठताना त्याने विचारलं, "ती पक्कड कुठाय?" मावशींनी हातमोजे देऊन मला त्याच्या हातात दिलं. अवजारावर जगणारा माणूस तो. त्याने मला कानाशी नेऊन उघडझाप केली. सांधा ऐकला. चोची उजेडात धरल्या, टोकावरून अंगठा फिरवला.

"हिला काय झालंय?" तो म्हणाला. "हिचा सांधा एक नंबर आहे. टोक बघा, काय घासलंय कुणी!"

कानशीवाल्या आजोबा, कुठे असाल तिथे ऐका हे.

तरी माझा राग गेलाय असं समजू नका. नवी डावी परवा आली, चकचकीत, सगळ्या ताटलीभर मिरवते. ती माझी बहीण नाही. माझी बहीण दोन दिवसांच्या पाण्याने आणि एका माणसाच्या आळसाने गेली, आणि ते नव्या पोलादाने भरून येत नाही. मित्रांनो, वस्तू वापरली की पुसून, कोरडी करून जागेवर ठेवा. हे तुम्हाला शाळेत शंभर वेळा सांगितलंय, माहितेय. एकदा माझ्याकडूनही ऐका. आणि कुणी हात वर केला, बोलू न शकणाऱ्या माणसाने, प्राण्याने, आपल्या धाकट्या भावंडाने, तर आधी थांबा. त्याला खरंच दुखतंय की नाही, हे तुम्ही ठरवू नका. थांबा आणि मग विचारा.

त्या दिवशी लिफ्टवाला निघाला तेव्हा छोटे डॉक्टर पुढच्या पेशंटच्या तोंडात वाकलेले होते. तो झुलत्या दारापाशी वळला आणि निरोपाचा म्हणून त्याने हात वर केला.

डॉक्टरांचे दोन्ही हात ताडकन बाजूला झाले.